मायन्झचा निवृत्त कारागीर

एखादा वृद्ध कारागीर निवृत्त होऊन देवाघरी गेला की त्याच्याविषयी काय लिहावे, असा प्रश्न त्याच्या कुटुंबीयांना पडतो. विद्वानाचे ग्रंथ मागे राहतात, पुढाऱ्याची भाषणे राहतात. सुताराच्या, गवंड्याच्या वा खिळे जुळविणाऱ्याच्या नावाने काही उरलेले सहसा दिसत नाही. अलीकडेच असा आधार हरपलेली घरे डोळ्यांपुढे ठेवून आम्ही एका जर्मन कारागिराचे उत्तरायुष्य येथे सांगत आहोत. हा कारागीर म्हणजे मुद्रणकलेचा जनक योहान गुटेनबर्ग. त्याची विद्या १५५६ साली जेज्वीट ब्रदर जुआन दे बुस्तामांते यांच्या हातून गोव्यात रुजली आणि १६१६ साली राशोलला फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून गेली. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत, एवढेच. म्हणजे हा माणूस आपल्याला अगदीच परका नव्हे.

तारुण्यात तो स्ट्रासबुर्गला भागीदारीत धंदा करीत होता. आखेनच्या यात्रेकरूंसाठी आरसे बनवायचे आणि त्याशिवाय काहीतरी गुप्त काम चालायचे. १४३८ च्या अखेरीस त्याचा एक भागीदार, आंद्रेआस ड्रिट्सेन, वारला. त्याच्या भावांनी भागीदारीत जागा मागितली आणि प्रकरण न्यायालयात गेले. मृताच्या वारसांना शंभर गुल्डन द्यावेत, धंद्याचे गुपित मात्र देऊ नये, असा करार होता. मयताकडे पंचाऐंशी गुल्डन येणे बाकी होते. १४३९ साली निकाल लागला तेव्हा भावांच्या पदरात पंधरा गुल्डन पडले. कायद्याने हे चोख असेल, पण शोकाकुल घराचे समाधान पंधरा गुल्डनांत झाले असेल असे आम्हांला वाटत नाही.

पुढे मायन्झला त्याने प्रत्येक स्तंभात बेचाळीस ओळी असलेले लॅटिन बायबल छापले. मार्च १४५५ मध्ये एनेआ सिल्व्हिओ, म्हणजे नंतरचे पोप दुसरे पायस, यांनी कार्डिनल कार्वाहाल यांना पत्राने कळविले की फ्रांकफुर्टला या छपाईचे सुटे भाग आपल्या दृष्टीस पडले आणि अक्षर इतके स्वच्छ आहे की चष्म्यावाचून वाचता येईल. एवढे कौतुक झाले, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात सावकार योहान फुस्ट याने कर्जाच्या दाव्यात गुटेनबर्गला जिंकले. १४५७ साली छापलेल्या स्तोत्रसंहितेवर फुस्ट आणि शॉफर यांची नावे आहेत. गुटेनबर्गचे नाव त्याच्या एकाही पुस्तकावर नाही!

१४६२ साली आर्चबिशपपदाच्या तंट्यात नासाऊच्या आडोल्फच्या सैन्याने मायन्झ घेतले आणि पुष्कळ नागरिकांना बाहेर घालविले. त्याच आडोल्फने जानेवारी १४६५ मध्ये गुटेनबर्गला दरबारी म्हणून नेमले. दरवर्षी एक पोशाख, वीस माल्टर धान्य आणि दोन फूडर, म्हणजे सुमारे दोन हजार लिटर, द्राक्षारस. हे सारे करमुक्त, पण घरखर्चासाठी, विक्रीसाठी नव्हे. निवृत्तिवेतनच म्हणा ना! सन्मान उशिरा आला, पण आला, आणि तो पोटाला लागणाऱ्या रूपात आला.

३ फेब्रुवारी १४६८, संत ब्लेझ यांच्या सणाच्या दिवशी, त्याचा अंत झाला. ही तारीख एका छापील पुस्तकात कोणीतरी हाताने लिहून ठेवली होती. तीत त्याला आदराने ‘मास्टर’ म्हटले असून देवाने त्याच्यावर कृपा करावी अशी विनवणी आहे. त्याच महिन्यात डॉ. कोनराड हुमेरी यांनी त्याच्यामागे राहिलेले साचे, खिळे व हत्यारे आपल्या मालकीची म्हणून ताब्यात घेतली. तीही मायन्झमध्येच वापरीन, अशी हमी आर्चबिशपांना देऊन.

मायन्झजवळच्या संत व्हिक्टर यांच्या बंधुसंघाच्या वहीत गुटेनबर्गचे नाव होते. असे संघ आपल्या मृत सभासदांसाठी प्रार्थना करीत. येथे आम्हांला आपल्या धर्मग्रामांतील नोव्हेंबर महिना आठवतो. मृतांच्या नावांची यादी वाचली जाते, पण ते नाव सुताराचे की शिंप्याचे, हे कळत नाही. कुटुंबाने नाव देताना धंदाही द्यावा आणि त्याच्या हातची एखादी वस्तू कोठे आहे तेही नोंदवावे, असे आम्ही सुचवितो. वेदीचा लाकडी कठडा रोज पाहणाऱ्यांनाही तो कोणी घडविला हे माहीत नसते.

गुटेनबर्गचे श्रेय मान्य करणारा एक आवाज अनपेक्षित घरातून आला. फुस्टचा नातू योहान शॉफर याने १५०५ साली सम्राट माक्सिमिलियन यांना अर्पण केलेल्या ग्रंथात ही कला गुटेनबर्गने शोधली असे स्पष्ट लिहिले. काही वर्षांनी मात्र तोच आपल्या आजोबांचे नाव पुढे करू लागला. घराण्याचा मोह, दुसरे काय!

घरच्या माणसाने मात्र आधीच आपले काम केले होते. आडाम गेल्टुस नावाच्या आप्ताने त्याच्यासाठी लॅटिन स्मृतिलेख रचला. सर्व राष्ट्रे आणि भाषा याच्या ऋणी आहेत, आणि याच्या अस्थी मायन्झमध्ये संत फ्रान्सिस यांच्या ख्रिस्तमंदिरात शांतपणे विसावल्या आहेत, असा त्याचा आशय. १४९९ साली हा लेख एका पुस्तकात छापला गेला. ते ख्रिस्तमंदिर १७४२ साली पाडण्यात आले, आणि थडग्याची जागा आज कोणालाही दाखविता येत नाही. गेल्टुसचा मजकूर मात्र छापून झाला होता, म्हणून तो आजही वाचता येतो.