मागच्या भिंतीवरचा आवाज : न्हावरे परिसरातील ध्वनियंत्रांचा इतिहास

शिरूरहून दक्षिणेकडे निघणारा रस्ता न्हावऱ्यावरून पारगावला येतो, तेथे भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरतो आणि केडगावमार्गे चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्गास मिळतो. घोड आणि भीमा या नद्यांमधला हा पट्टा दीर्घकाळ पावसाच्या भरवशावर राहिला, पुढे कालव्यांच्या पाण्याबरोबर उसाकडे वळला, आणि न्हावऱ्यास घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यानंतर पक्की घरे, मोटारसायकल आणि दूरचित्रवाणी संच यांसाठी लागणारा पैसा येथील कुटुंबांच्या हाती खेळू लागला. याच घरांच्या बैठकीत होम थिएटर नावाची यंत्रणा आली. रिसीव्हर म्हणजे आलेल्या ध्वनीची उकल करून तो निरनिराळ्या स्पीकरांना वाटून देणारे खोके. त्याला समोर तीन, बाजूला किंवा मागे दोन ते चार आणि खर्जासाठी एक असे स्पीकर जोडले जातात. यांपैकी समोरच्या स्पीकरांविषयी कोणाला शंका पडत नाही. प्रश्न येतो तो मागच्यांचा, आणि तो केवळ तारा जोडण्याचा प्रश्न नाही. मुंबई-पुण्यातील प्रेक्षकांना पाठीमागून येणाऱ्या आवाजाची ओळख आधी चित्रपटगृहात झाली व नंतर तो त्यांच्या घरी आला. न्हावऱ्यासारख्या गावांत मधली ही पायरी बहुतांशी गळाली, आणि जत्रेतल्या कर्ण्यानंतर पुढचा मुक्काम थेट घरातील रिसीव्हरचा झाला. मागचे स्पीकर कोठे ठेवले जातात आणि त्यांच्याकडून काय अपेक्षिले जाते, याचा उलगडा या गळालेल्या पायरीतून बराचसा होतो.

चहूबाजूंनी येणारा आवाज मात्र या भागाला नवा नव्हता. भजनी मंडळ समोरासमोर दोन रांगा करून बसते, त्यामुळे टाळकऱ्याच्या कानी पखवाज एका बाजूने तर सोबत्यांचे टाळ दोन्हींकडून पडतात. तुकाराम महाराजांची पालखी यवत व वरवंड या दौंड तालुक्यातील मुक्कामांना येते तेव्हा दिंडीच्या मधोमध चालणाऱ्या वीणेकऱ्याच्या भोवती सगळीकडे अभंगच असतो. तमाशाची रचना याहून वेगळी आहे. तेथे झीलकरी, म्हणजे मुख्य गायकाचा सूर उचलून धरणारे साथीदार, गायकाच्या मागे उभे राहतात, हलगी आणि ढोलकीही त्याच बाजूला असतात, आणि प्रेक्षकाच्या पाठीमागून येते ती केवळ दाद. चौफुल्याची कला केंद्रे आज या परंपरेची ओळख टिकवून आहेत. थोडक्यात, भक्तीच्या प्रकारात ऐकणारा आवाजाच्या आत असे आणि करमणुकीच्या प्रकारात आवाजाच्या समोर. बोलपट गावात आला तो या दुसऱ्या प्रकारात मोडणारा होता.

विजेवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाने या दोहोंपेक्षा निराळी तिसरी रचना आणली. कर्णा, अर्थात पत्र्याचा पसरट तोंडाचा भोंगा, लहानशा पडद्याच्या कंपनांना मोठ्या हवेशी जोडून देतो, त्यामुळे थोड्या विजेत आवाज फार दूर जातो. मात्र खर्ज त्यातून जवळजवळ नाहीसा होतो आणि मानवी बोलण्याला लागणारा मधला पट्टा तेवढा ठसठशीत उरतो. दिल्लीत १९४० साली सुरू झालेल्या आहुजा कंपनीचे अॅम्प्लिफायर आणि कर्णे देशभरातील लग्नमंडपांत, सभांत आणि हरिनाम सप्ताहांत पोहोचले. देवळाच्या शिखराजवळ किंवा लिंबाच्या झाडावर चार दिशांना तोंडे करून बांधलेले चार कर्णे ही मोजायला गेल्यास चार स्पीकरांचीच यंत्रणा होती, पण तिचा ओघ आजच्या होम थिएटरच्या नेमका उलटा होता. कर्णे मध्यभागी आणि ऐकणारे भोवती पांगलेले; घरात ऐकणारा मध्यभागी आणि स्पीकर भोवती. कर्ण्याला ‘मागचा’ म्हणता येईल अशी बाजूच नव्हती. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांची उंच भिंतही याच घराण्यातील आहे. पश्चिम महाराष्ट्रात तिला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात, परंतु या लेखात ते नाव केवळ डॉल्बी या ध्वनितंत्राच्या कंपनीच्या अर्थाने येते.

दादासाहेब फाळके यांनी आपली चित्रे बैलगाडीतून गावोगाव नेली, तेव्हापासून सिनेमा आणि प्रवास यांचे नाते महाराष्ट्रात जुळलेले आहे. बोलपटाच्या काळात या प्रवासाने तंबूचे, म्हणजे टुरिंग टॉकीजचे रूप घेतले. पावसाळा सरल्यावर मालमोटारीत प्रक्षेपक, जनित्र, पडदा आणि कनाती घालून हे तंबू एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात, आणि चैत्र-वैशाखातील ग्रामदैवतांच्या यात्रा हा त्यांचा भर हंगाम असे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ साली प्रदर्शित झालेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातील अशाच तंबूंचे अखेरचे दिवस टिपले आहेत.

तंबूतील ध्वनिव्यवस्था समजून घेण्यासाठी चित्रफितीच्या कडेला पाहावे लागते. तेथे प्रकाशाने छापलेली एक अरुंद पट्टी असते. तिच्यातून जाणारा प्रकाश कमीजास्त होतो, प्रकाशसंवेदी घट त्याचे विजेत रूपांतर करतो आणि ती वीज अॅम्प्लिफायरमधून पडद्याजवळच्या स्पीकरपर्यंत पोहोचते. पट्टी एक, म्हणून आवाजही एकपदरी. स्पीकर कितीही जोडले तरी प्रत्येकातून तेच ऐकू येणार. एखादा कर्णा तंबूबाहेर गिऱ्हाईक ओढण्यासाठी असे. प्रेक्षकांच्या पाठीमागे मात्र प्रक्षेपकाची खडखड आणि जनित्राची घरघर होती, आणि ती कथानकाचा भाग नसल्याने तिच्याकडे कानाडोळा करण्याची सवय प्रेक्षकाला लावून घ्यावी लागे. मागून येतो तो आवाज म्हणजे व्यत्यय, हा धडा तंबूने दिला असे म्हणण्यास जागा आहे.

याच काळात मोठ्या शहरांतील सिनेमा वेगळ्या दिशेने निघाला होता. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी १९४० साली न्यूयॉर्कमध्ये प्रेक्षागृहाच्या निरनिराळ्या भागांतून वाद्यवृंद ऐकवण्याचा प्रयोग झाला, परंतु यंत्रणा इतकी महाग होती की तो थोड्याच चित्रपटगृहांत दाखवता आला. दूरचित्रवाणीमुळे घटलेला प्रेक्षक परत आणण्याच्या खटपटीत १९५२ मध्ये ‘सिनेरामा’ आणि १९५३ मध्ये ‘सिनेमास्कोप’ या पद्धती आल्या. ‘द रोब’ या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटाच्या फितीवर चुंबकीय लेपाच्या चार पट्ट्या होत्या, तीन पडद्यामागील स्पीकरांसाठी आणि चौथी प्रेक्षागृहाच्या भिंतींवरील स्पीकरांसाठी. ही चौथी पट्टी अरुंद असल्यामुळे तिच्यातून सतत फुसफुस ऐकू येई. तिच्यावर उपाय म्हणून १२ किलोहर्ट्‌झचा एक सूर पट्टीवरच नोंदवला गेला. तो असेल तेव्हाच भिंतीवरचे स्पीकर चालू होत, एरवी ते बंद राहत. मागच्या स्पीकरने बहुतेक वेळ गप्प असावे ही कल्पना अशी अगदी आरंभापासूनची आहे, आणि नव्या होम थिएटरच्या मालकाची ‘मागून काहीच वाजत नाही’ ही तक्रार पुष्कळदा बिघाडाची नसून या जुन्या कल्पनेशी झालेल्या पहिल्या भेटीची असते.

भारतात या बहुपदरी ध्वनीची खरी जाहिरात ‘शोले’ने केली. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाच्या ७० मिलिमीटर प्रतींवर सहापदरी चुंबकीय ध्वनी होता, आणि मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त नाणे उडवल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक आसनाखाली नाणे शोधू लागल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. पुण्यात ७० मिलिमीटरसाठी ‘राहुल’ चित्रपटगृहाचे नाव घेतले जाई. ही सोय थोड्याच चित्रपटगृहांपुरती होती, कारण चुंबकीय प्रत खर्चिक असे व तिच्यासाठी वेगळा प्रक्षेपक लागे; तालुक्याच्या गावी आणि तंबूत आला तो ३५ मिलिमीटरचा, एकपदरी ‘शोले’. गब्बरचे संवाद गावागावांत तोंडपाठ झाले, नाणे मात्र पडद्याच्या बाहेर कधी आले नाही.

स्वस्त उपाय डॉल्बी कंपनीने काढला. १९७० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या ‘डॉल्बी स्टीरिओ’त चार पदर दोनच प्रकाशीय पट्ट्यांत गुंफले जात आणि प्रक्षेपणाच्या वेळी पुन्हा वेगळे केले जात, डाव्या आणि उजव्या पट्टीत एकमेकींच्या विरुद्ध कलेने नोंदवलेला ध्वनी मागचा, असा त्याचा ढोबळ नियम होता. ही गुंफण कधीच पूर्ण सुटत नसे, त्यामुळे समोरचे संवाद मागे झिरपत. त्यावर तोड म्हणून मागचा ध्वनी सुमारे २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका उशिरा सोडला जाई. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले होते की एकच आवाज दोन दिशांनी थोड्या अंतराने आला तर कान तो पहिल्या दिशेचाच मानतो. उशिराने आलेला झिरप म्हणूनच ध्यानात येत नसे. हिंदीत १९९४ सालच्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने डॉल्बी स्टीरिओ आणला, तर त्याच सुमारास अमेरिकेत पूर्ण स्वतंत्र पदरांचा डिजिटल ध्वनी सुरू झालेला होता.

न्हावरे परिसरातील घरांच्या दृष्टीने पाहता दूरचित्रवाणीचा प्रवेश यापेक्षा महत्त्वाचा आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले, आणि १९८० च्या दशकात भाड्याच्या व्हिडिओने तंबूचे गिऱ्हाईक फोडले. नंतर सीडी, डीव्हीडी आणि घराच्या छपरावरची डिश यांच्या पाठोपाठ ५.१ हा आकडा घरात आला. त्यातील पाच पूर्ण पदर आणि ‘दशांश एक’ हा केवळ खर्जाचा. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून जोडलेले संच नामांकित कंपन्यांच्या संचांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडत. शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, एलजीच्या कारखान्यात दूरचित्रवाणी संच तयार होऊ लागले. या सुबत्तेला भारनियमनाची बाजूही होती: या शतकाच्या पहिल्या दशकात गावठाण आणि शेती यांच्या वीजवाहिन्या वेगळ्या करण्याची योजना राबवली गेल्यावर गावातील घरांना तुलनेने अधिक वीज मिळाली, तर रानातील वस्तीवर सिनेमा कधी पाहायचा हे पंपाच्या वेळापत्रकावर ठरू लागले.

घराची बांधणी हा यापुढचा अडसर. जुन्या घरातील सोपा आणि माजघर माती-लाकडाचे असल्याने आवाज शोषून घेत. सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी तो परत फेकतात, त्यामुळे दिशा ओळखण्यापूर्वीच कान प्रतिध्वनींनी भरून जातात. अशा खोलीत मागचे स्पीकर बसवण्याआधी सतरंजी आणि जाड पडदे यांची सोय करणे अधिक फलदायी ठरते. त्यातच बैठकीचा सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि बाजूच्या भिंतीत आतल्या खोलीचे दार असते, म्हणून तार नेण्यास वाट उरत नाही. परिणामी मागचे दोन स्पीकर टीव्हीच्या शोकेसवर समोरच्यांच्या शेजारी विराजमान झालेले पुष्कळ घरांत आढळतात. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. करमणुकीचा आवाज समोरून यावा ही तमाशाने आणि तंबूने घडवलेली समजूत त्यात स्पष्ट दिसते.

तांत्रिक संकेत मात्र निश्चित आहेत. ५.१ रचनेत समोर पाहणाऱ्या श्रोत्याच्या नाकाची दिशा शून्य अंश मानली तर बाजूचे दोन स्पीकर दोन्हीकडे सुमारे ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे, आणि कानाच्या उंचीपेक्षा थोडे वर असावेत. अगदी पाठीमागच्या स्पीकरांचा इतिहास अलीकडचा आहे. १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘द फँटम मेनेस’साठी मागच्या भिंतीचा वेगळा पदर बाजूच्या दोन पदरांत गुंफण्यात आला, आणि घरगुती रिसीव्हरांवर ‘सराउंड बॅक’ ही जोडणी त्यातून आली. ७.१ रचनेत हे दोन स्पीकर १३५ ते १५० अंशांवर ठेवायचे असतात, ज्यासाठी श्रोत्याच्या मागे काही फूट मोकळी जागा लागते. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ही जोडी विकत न घेणेच शहाणपणाचे, कारण डोक्याला जवळजवळ चिकटलेला स्पीकर इतर सर्वांवर कुरघोडी करतो. एकच मागचा स्पीकर असल्यास तो सहसा डाव्या जोडणीला लावावा लागतो. आणि अनेक रिसीव्हरांत याच जोडण्या दुसऱ्या खोलीसाठी वापरता येत असल्याने त्या मागच्या स्पीकरांसाठी नेमल्या आहेत की नाहीत हे सेटिंगमध्ये पाहावे लागते. तारेची अधिक आणि उणे टोके उलटली तर आवाज येतो, पण विसविशीत होतो व त्याची जागा सापडत नाही.

जोडणी झाल्यावर अंतर आणि पातळी या दोन गोष्टी भरायच्या असतात. ध्वनी एक मीटर अंतर सुमारे ३ मिलिसेकंदांत कापतो. समोरचा स्पीकर ३ मीटरवर आणि मागचा १ मीटरवर असेल तर मागच्याला सुमारे ६ मिलिसेकंद थांबवून दोन्ही आवाज एकाच वेळी कानाशी आणणे हे रिसीव्हरचे काम. पातळी ठरवण्यासाठी यंत्र प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने खरखरीचा नमुना सोडते आणि बसण्याच्या जागेवरून सर्व सारखे ऐकू येईपर्यंत कमीजास्त करायचे असते. मागचे मुद्दाम मोठे ठेवण्याचा मोह येथे आवरावा लागतो, कारण पैसे मोजले ते वाजलेच पाहिजे हा कर्ण्याच्या काळातील हिशेब या यंत्रणेला लागू पडत नाही. अलीकडच्या रिसीव्हरांसोबत येणारा मायक्रोफोन ही दोन्ही कामे स्वतः करतो, मात्र बहुतेक संचांत तो अंतर मोजतो, दिशा नव्हे; शोकेसवर ठेवलेला मागचा स्पीकर त्याच्या लेखी समोरच्यांइतक्याच अंतरावरचा आणखी एक स्पीकर ठरतो, आणि चाचणी कोणतीही तक्रार न करता पूर्ण होते.