पावणेदोन कार्षापणांची ठेव

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या कॅथीड्रलमधल्या रंगीत काचांच्या खिडक्यांची छायाचित्रे भाच्याने पाठवली. एका खिडकीत बूट, दुसरीत वेटोळ्याचा पाव. चौदाव्या शतकात ज्या चर्मकारांच्या आणि पाव भाजणाऱ्यांच्या संघांनी पैसे दिले, त्यांच्या या खुणा. 'देवाच्या घरात दुकानाची पाटी!' असे भाच्याने गमतीने लिहिले होते. मला मात्र जुन्नर आठवले.

मी घोडेगावचा. तीस वर्षे पतपेढीत खाती लिहितो आहे. ब्राह्मी शिकलो ती तक्ते गिरवून. सुट्टीच्या दिवशी एसटीने जुन्नर गाठायचे आणि लेणी पालथी घालायची, हा जुना नाद.

जुन्नर म्हणजे शिवनेरी आणि १६३० हे समीकरण पक्के आहे. पण त्याच शिवनेरीच्या पोटात, शिवाय लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडीच्या डोंगरांत, त्याआधी दीड हजार वर्षे आणि अधिक जुनी बौद्ध लेणी आहेत. कोकणातला माल नाणेघाटाने वर चढे आणि जुन्नरला येई. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेने यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब कोरवला: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. जुन्नरच्या लेण्यांत असा राजेशाही थाट नाही. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम, वर्ष ४६, हा मोठ्या हुद्द्याचा दाता. बाकी बहुतेक बाजारपेठेतली माणसे. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या शेजारचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे. त्याचा बाप हेरणिक, म्हणजे सोन्याचांदीच्या व्यवहारातला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दिले.

माझे मन सर्वांत अडकते ते एका ठेवीच्या लेखात. बुरुडांच्या श्रेणीकडून महिना पावणेदोन कार्षापण, कासारांकडून पाव. मूळ शब्द 'पाउणदुक'. तो प्रथम वाचला तेव्हा मी हातातला चष्मा खाली ठेवला. रोज खातेवहीत लिहितो तोच आकडा, तीच मोजण्याची रीत! 'कासाकार' तर आजचा कासारच.

ही पद्धत नाशिकच्या लेण्यात अधिक उघड दिसते. नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले: २००० दरमहा शेकडा एकने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे खायचे. तिला अक्षयनीवी म्हणत. बँक नाही, सरकारी हमी नाही. हमी एवढीच की विणकर उद्याही विणतील.

या दात्यांत परदेशीही होते. अदुथुम नावाच्या शकाने कोणाचिक श्रेणीकडे शेतजमीन लावून दिली: करंजापाशी २० निवर्तने, वडापाशी ९. शिवनेरीवर यवन इरिलाने दोन पोढ्या दिल्या, यवन चिताने संघाला भोजनमंडप. दोघांच्या नावापुढे 'गतान' असा शब्द येतो. नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये त्याचा अर्थ लावला गॉथ! म्हणजे जर्मन कुळातली टोळी शिवनेरीच्या कुशीत. भाच्याला हे कळवले असते तर तो खूश झाला असता. मला ते पटत नाही. इसवी सनाच्या आरंभी गॉथ विस्तुला नदीकाठी होते, आणि केवळ नादसाम्यावर माणसे इतक्या लांब आणता येत नाहीत. 'गत' हे गावाचे किंवा गणाचे नाव असावे, हे मला अधिक जवळचे वाटते. यवनांना गॉथ ठरवण्याचा मोह होतो, पण बुरुडाच्या शब्दावर विसंबून कोणी पैसे ठेवले, हे त्याहून नवलाचे नाही का?

आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली तेव्हा आईची ठेव गेली. बांगड्या मोडून ठेवलेली रक्कम होती ती. परवा तिला मी बुरुड-कासारांचा लेख वाचून दाखवला. तिने विचारले, "मग मिळालं का व्याज भिक्षूंना?" मी म्हणालो, ठेव भिंतीवर आहे, वसुलीची वही नाही. ती थोडी थांबली. मग म्हणाली, "आपल्या बुरूडआळीतल्या माणसांनी दिलं असतं बघ."