वीतभर मिग आणि मामाचं फडकं

शिरूरच्या आमच्या गच्चीवरून सुखोई आधी ऐकू येतं. आवाजाच्या दिशेनं मान वर करावी तर तिथे काहीच नसतं, विमान बरंच पुढे गेलेलं असतं. नजरेला सापडलंच तर एक काळा बाण. रंग दिसत नाही, शेपटीवरचा आकडा दिसत नाही, आत माणूस बसलाय याची खूण नाही. लोहगावचा तळ इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर. सुखोई-३० एमकेआयचं देशातलं पहिलं स्क्वाड्रन २००२ मध्ये तिथेच उभं राहिलं. त्यामुळे माझी अख्खी शाळा त्या काळ्या बाणाखाली झाली.

आमच्या पट्ट्यातल्या लोकांना हे विमान खूप जवळून दिसलं ते जमिनीवर पडल्यावर. १४ ऑक्टोबर २०१४ ला थेऊरजवळ एक सुखोई कोसळलं. दोन्ही वैमानिक वाचले. पुढचे काही दिवस आमच्याकडे चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

मी नोकरीला लागल्यावर विमानांची प्लास्टिकची मॉडेलं बनवायला लागलो, त्याचं कारण हेच असावं. मला ती वस्तू जवळून बघायची होती. या छंदाचा इतिहास वाचायला घेतल्यावर लक्षात आलं की तोही लांबून जवळ येण्याचाच इतिहास आहे.

मॉडेलांचं सगळ्यात रुळलेलं माप १/७२. एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे उभा माणूस जेमतेम इंचभर. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये छंद म्हणून आलेलं हे माप दुसऱ्या महायुद्धात थेट कामाला लागलं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे तोफेवरच्या पोराला काही सेकंदांत ओळखता यायला हवं होतं. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलानं देशभरच्या शाळांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली. ५० प्रकारची विमानं, प्रत्येकी १० हजार. मुलांनी ती कोरली, घासली आणि काळ्या रंगात रंगवली. काळ्याच रंगात, कारण शिकायची होती ती फक्त आकृती. १/७२ चं मॉडेल ३५ फुटांवर धरलं की खरं विमान जवळजवळ अर्ध्या मैलावर असल्यासारखं दिसतं. हे वाचलं आणि मला आमची गच्ची आठवली.

युद्ध संपल्यावर प्लास्टिक आलं. १९५३ मध्ये एअरफिक्सनं स्पिटफायरचा संच पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकायला काढला. आता रंग आले, स्क्वाड्रनची चिन्हं आली, वैमानिकाची नावं आली. पाच लाख काळ्या आकृत्यांपैकी एक न राहता ते अमक्याचं अमुक विमान झालं.

त्यानंतर आला मळ. वापरलेली वस्तू वापरलेली दिसावी म्हणून मॉडेलवर झीज, धूळ, तेलाचे ओघळ रंगवण्याच्या कलेला ‘वेदरिंग’ म्हणतात. १९७०-८० च्या दशकांत बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेनसारख्या मंडळींनी ती गाजवली. तिचा जोर मुख्यतः रणगाड्यांवर होता. रणगाडा चिखलात लोळतो, पोलादाचा असतो, गंजतो. त्याच्यावर मळ शोभतो.

माझी गफलत इथेच झाली. शाळेची सहल अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेली होती. शिरूरहून ते तासाभराच्या अंतरावर. ते अजस्र, खरबरीत, डाग पडलेलं लोखंड माझ्या डोक्यात ‘खरं लष्करी यंत्र’ म्हणून पक्कं बसलं. पहिलं मिग-२१ बिस बनवलं तेव्हा मी रणगाड्याचीच कृती वापरली. ऑइल पेंट पातळ करून पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात काळा ओघळ सोडला. पोटाखाली तेल, पंखावर चिखलाचे शिंतोडे, रिव्हेटांभोवती तांबूस गंज. तीन रविवार गेले. इतकं ‘खरं’ मॉडेल मी आधी केलं नव्हतं.

ते डब्यात घालून मी न्हावरं-चौफुला करत दौंडला गेलो. माझे मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. ऐंशीच्या दशकात उत्तरेकडच्या एका तळावर मिग-२१ बिसच त्यांच्या हाताखाली होतं. वीस वर्षं नोकरी करून ते दौंडला परतले. घर रेल्वेच्या जवळ, बोलताना मध्येच गाडी गेली की थांबायचं.

मामांनी चष्मा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“हा तांबडा काय लावलाय?”

“गंज आहे मामा.”

“ॲल्युमिनियमला? तांबडा गंज लोखंडाला येतो. ह्याला आलाच तर पांढरट, पिठासारखा येतो. आणि तो दिसला की विमान उडत नाय.” मग पोटाखालचे ओघळ बघून म्हणाले, “असलं विमान कुणी लाइनवर उभं केलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं.”

मी म्हटलं, “पण वापरलेलं वाटायला नको का?”

“वापरलेलंच होतं की. आम्ही पुसायचो.”

मला वाटलं, फौजी शिस्तीची गोष्ट आहे, चकाचक बुटांसारखी. मामांनी समजावलं ते वेगळंच होतं. पुसणं म्हणजे तपासणं. फडकं फिरवताना बोटाला चीर लागते, सैल रिव्हेट लागतो. काल पुसलेल्या जागी आज तेल दिसलं तर वर कुठेतरी गळतंय. पुसलंच नाही तर ते तेल कालचं की महिन्यापूर्वीचं, सांगणार कोण? आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लॉग रोज वाचून साफ ठेवायचा, नाहीतर नवी चूक जुन्या कचऱ्यात हरवते. तपासणी झाली की फॉर्म ७०० वर सही. त्या सहीवर विश्वास ठेवून वैमानिक शिडी चढतो.

“एकदा सही केलेलं परत आलं नाय,” मामा म्हणाले. “चौकशी झाली. आमच्या कामात काही निघालं नाय.” तेवढ्यात गाडी आली. ती गेल्यावर त्यांनी विषय पुढे नेला नाही, मीही विचारलं नाही.

मिग-२१ बद्दल आपल्याला दोनच गोष्टी माहीत असतात: १९७१ आणि ‘उडती शवपेटी’. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला गेला तेव्हा टीव्हीवर याच दोन गोष्टी आलटून पालटून चालू होत्या. दोन्ही वैमानिकाच्या बाजूनं सांगितल्या जातात, आणि ते योग्यही आहे, जीव त्याचा जातो. पण देशानं उडवलेल्या साडेआठशेहून जास्त मिग-२१ पैकी सहाशेच्या वर नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात तयार झाली. ती ज्यांनी जोडली, पुसली, ज्यांनी त्यांच्यासाठी सह्या केल्या, ती माणसं या गोष्टीत कुठेच नाहीत.

१९७१ चे फोटो मी परत काढून बघितले. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागणारी मिग-२१ एफएल विमानं २८ स्क्वाड्रनची होती. विंग कमांडर बी. के. बिश्नोई पुढे होते, हे नाव इतिहासात आहे. त्या युद्धातल्या मिगचे फोटो नीट पाहिले तर दिसतं की मूळच्या चंदेरी पत्र्यावर घाईनं हिरवा रंग चढवलाय. एका विमानाचे पट्टे दुसऱ्यासारखे नाहीत. कारखान्यातून आलेला रंग असा नसतो. युद्ध तोंडावर आलेलं असताना तळावर कोणीतरी उभं राहून तो मारलाय. मॉडेल करणाऱ्याला म्हणूनच प्रत्येक विमानाचा वेगळा फोटो शोधावा लागतो. रंगवणाऱ्यांची नावं कुठे मिळत नाहीत, त्यांचे पट्टे मात्र फोटोत आहेत.

दुसरं बिस करायला मला चार महिने लागले. या वेळी प्रत्येक डागाआधी मामांना फोन. गंज नाही. चिखल नाही. ओघळ सोडला की कापसाच्या काडीनं पुसायचा, हवेच्या प्रवाहाच्या दिशेनं, पुढून मागे. सांध्यात जेमतेम करडी रेघ उरली की बास. जेटच्या शेपटाचा धातू मात्र तापून काळपट-निळसर, कारण तो पुसून जात नाही. आणि कॉकपिटखाली डाव्या बाजूला रंग थोडा झिजलेला. बिसची काच उजवीकडे उघडते, म्हणून शिडी डावीकडून लागते. वैमानिक तिथून चढायचा आणि त्याचे पट्टे आवळायला मामांसारखा कोणीतरी त्याच्या मागोमाग. ती झीज दोघांची.

दिवाळीत ते घेऊन परत दौंडला गेलो. मामांनी डावी बाजू बघितली, काही बोलले नाहीत. मग विमान उताणं केलं. मॉडेलची खालची बाजू सहसा कोणी बघत नाही, मीही तिथे फारशी मेहनत घेतली नव्हती. मामांनी पोटावरून अंगठा हळूच मागेपर्यंत फिरवला आणि मुख्य चाकांच्या मागे थांबवला. तिथे दोन भाग जोडल्याची कड राहिली होती. डोळ्याला दिसत नव्हती.

“इथं राहिलंय,” ते म्हणाले आणि विमान माझ्या हातात दिलं.

मी सॅंडपेपर आणायला उठलो.