एचआयव्ही चाचणी: संमती, गुप्तता आणि 'विंडो पिरियड' म्हणजे काय?

शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या तपासण्यांची जी यादी हातात पडते, तिच्यात बऱ्याचदा 'एचआयव्ही' हा शब्दही असतो. त्याबद्दल रुग्णाला कुणी काही सांगत नाही आणि तोही विचारत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला की विषय संपतो. पॉझिटिव्ह आला तर मात्र कधी कधी शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते, 'तुम्ही दुसरीकडे दाखवा' असे सुचवले जाते आणि बातमी रुग्णाच्या आधी नातेवाइकांना कळते. न सांगता केलेली चाचणी, या कारणावरून नाकारलेले उपचार आणि परस्पर फोडलेला रिपोर्ट या तिन्ही गोष्टी भारतात बेकायदेशीर आहेत.

त्यासाठीचा कायदा म्हणजे 'एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७'. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कायद्यानुसार चाचणीआधी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते. चाचणी कशासाठी आहे आणि निकालाचा अर्थ काय हे समजावून सांगितल्यावर, दबावाशिवाय दिलेला होकार म्हणजे माहितीपूर्ण संमती. चाचणीच्या आधीचे आणि नंतरचे समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग आहे. दाखल होताना घाईत केलेली एक सही म्हणजे ही संमती नव्हे. अपवाद मोजके आहेत: न्यायालयाचा आदेश, दान केलेले रक्त किंवा अवयव यांची तपासणी, आणि नाव न नोंदवता केलेले साथरोग सर्वेक्षण. नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही.

हा कायदा सहज आलेला नाही. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतर तो एचआयव्हीबाधित असल्याचे कळल्यावर, पोलिसांनी ताब्यात घेतले आणि म्हापशात दोन महिन्यांहून अधिक काळ एकटे डांबून ठेवले. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तो बाहेर आला, पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. पुढे १९९७ मध्ये याच न्यायालयाने एका मजुराच्या खटल्यात निकाल दिला की, काम करण्याची क्षमता असताना केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारणे घटनाबाह्य आहे. आठ वर्षांत बराच पल्ला गाठला म्हणायचा.

'सगळ्यांची सक्तीने चाचणी केली तर काय बिघडले?' हा प्रश्न तरीही वारंवार येतो. त्याचे उत्तर कायद्याइतकेच वैद्यकशास्त्रातही आहे. नेहमीच्या रॅपिड चाचण्या विषाणू शोधत नाहीत. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, त्या शोधतात. ही प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात. संसर्ग झाला आहे पण चाचणीत दिसत नाही, असा हा मधला काळ म्हणजे 'विंडो पिरियड'. अँटिबॉडी चाचणीसाठी तो तीन महिन्यांपर्यंत धरतात. गंमत अशी की, याच सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणून शस्त्रक्रियेआधीचा निगेटिव्ह रिपोर्ट पाहून निर्धास्त होणाऱ्या डॉक्टरांचे संरक्षण तो कागद करत नाही. ते होते प्रत्येक रुग्णाच्या वेळी हातमोजे, सुया आणि निर्जंतुकीकरणाची तीच काळजी घेतल्याने. लग्नाआधी मागितलेल्या रिपोर्टलाही हीच मर्यादा आहे.

उलट बाजूही लक्षात घ्या. खासगी लॅबमधली एक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झाले असे नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या (नाको) पद्धतीनुसार तीन वेगवेगळ्या चाचण्यांचा निकाल तसाच आल्यावरच निदान पक्के होते. सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, म्हणजे आयसीटीसीमध्ये, ही सोय मोफत आहे.

धोका पत्करला गेला असेल, तर तीन महिने थांबण्याआधी एक गोष्ट करता येते आणि ती फार कमी जणांना माहीत असते. सुई टोचणे, लैंगिक अत्याचार, असुरक्षित संबंध अशा प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत औषधे सुरू करून २८ दिवस घेतल्यास संसर्ग टळण्याची शक्यता खूप वाढते. यालाच 'पेप' म्हणतात. ७२ तास ही शेवटची मुदत झाली. खरे तर पहिल्या काही तासांतच रुग्णालय गाठायला हवे. 'प्रेप' वेगळे: ज्यांना धोका वारंवार संभवतो, त्यांनी आधीपासूनच डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची गोळी.

आणि ज्यांचे निदान झाले आहे त्यांचे काय? एआरटीची औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही. मोठ्या अभ्यासांतून हे सिद्ध झाले आहे.

तरीही जोडीदाराला सांगायचे की नाही, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. लेखी संमतीशिवाय रिपोर्ट उघड करता येत नाही, हा नियम. पण जोडीदाराला मोठा धोका आहे आणि समुपदेशनानंतरही रुग्ण सांगणार नाही अशी खात्री झाल्यास, रुग्णाला तशी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. त्यालाही एक अपवाद आहे. सांगितल्यामुळे मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर डॉक्टरांनी सांगायचे नाही. नवऱ्याचीच तपासणी न झालेल्या घरात सुनेवर बोट ठेवले जाते, हे ओळखूनच ही तरतूद केलेली दिसते.

न्यायालयीन कामकाजातून कळलेली एखाद्याच्या एचआयव्हीची माहिती उघड केल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २० किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. राज्य सरकारने नेमलेल्या लोकपालाकडेही जाता येते. त्याने ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो आणि वैद्यकीय आणीबाणी असेल, तर शक्यतो २४ तासांत. कुठे जायचे हे कळत नसेल, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.