आपल्या सरड्याचं शास्त्रीय नाव

पनवेलमध्ये कुणाला माझा पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा आधी कुंपणाकडे बघतो. "हा? हा तर रोजच दिसतो की!" कुंपणावरचा तो वेगळा. मी सांगतेय तो घाट चढून, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेल्यावर भेटतो. उंची हजार मीटरच्या वर, गवत, कातळ आणि भन्नाट वारा. उन्हाळ्यात नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो: निळी, काळी, नारिंगी. मादीला बोलावणं आणि दुसऱ्या नराला दम, दोन्ही त्यातच.

या मंडळींचा कागदोपत्री इतिहास 1829 मध्ये सुरू होतो. फ्रान्सच्या जॉर्ज कुविए यांनी 'सिटाना पाँटिसेरियाना' हे नाव दिलं, पाँडिचेरीवरून. 1870 मध्ये जर्डन यांनी दख्खनच्या सरड्याला 'डेक्कनेन्सिस' म्हणून वेगळं काढलं. हे जर्डन पेशाने डॉक्टर, पण लक्ष सगळं पक्षी-प्राण्यांत! त्यांचं म्हणणं मात्र फारसं टिकलं नाही. पुढे कित्येक दशकं भारतभरचे असे सरडे बहुतेक एकाच नावाखाली ढकलले गेले. आता बघा, नावच नसेल तर एखादी जात कमी होतेय हे तरी कुणाला कळणार?

2016 मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना तपासून नवी प्रजातीच मांडली. तिचं नाव 'सारडा', म्हणजे आपला मराठी 'सरडा'! चाळकेवाडीचा झाला 'सारडा सुपर्बा'. आणखी एकाला डार्विनचं नाव मिळालं.

दोनच वर्षांनी याच पठारावरचा आणखी एक अभ्यास आला: मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, म्हणून सरडे जास्त. ऐकायला बरं वाटतं. पण गर्दी वाढली की खाण्यासाठी स्पर्धा वाढते. तिथले सरडे अंगाने कमी भरलेले, नरांचे गळे फिकट, आणि माणूस अगदी जवळ गेला तरी लवकर न पळणारे निघाले. म्हणजे नुसती संख्या मोजली असती तर "सगळं उत्तम" असाच शेरा पडला असता. मी म्हणूनच मोजणीच्या वहीत गळ्याच्या रंगासाठी वेगळा रकाना ठेवलाय.