डायस, अमित

गोव्यातील वैद्यक आणि वार्धक्यातील मनोविकारांचे संशोधक. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे अध्यापन करीत असतानाच विक्रम पटेल आदींनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या, तसेच १०/६६ स्मृतिभ्रंश संशोधन गटाच्या कार्यात त्यांनी प्रमुख भाग घेतला. जगातील सुमारे ६६ टक्के स्मृतिभ्रंशग्रस्त विकसनशील देशांत राहत असता लोकसंख्याधिष्ठित संशोधनाचा १० टक्क्यांहूनही कमी हिस्सा त्यांच्या वाट्यास येतो, या विषमतेवरून १९९८ मध्ये कोची येथे स्थापन झालेल्या ह्या गटास हे नाव पडले. निरक्षर वृद्धास लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न विचारले, तर प्रकृती ठणठणीत असूनही तो रोगी ठरतो. म्हणून या गटाने भारतासह अनेक देशांतील २५ केंद्रांत, साठी उलटलेल्या २,८८५ जणांवर शिक्षणनिरपेक्ष निदानपद्धती पारखून २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

डायस यांच्या संशोधनात सर्वांत मोलाचा, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या गृहसेवेचा प्रयोग. ज्या विकारास घरची मंडळी म्हातारचळ म्हणून सोडून देतात आणि ज्याचा भार बहुधा सुना-लेकींवर निमूटपणे पडतो, त्याच्यासाठी प्रत्येक तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ नेमण्याइतकी तरतूद आपल्या सरकारी खात्यांजवळ नाही, हे ओळखून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक भाषा जाणणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या सल्लागारांना शिकवून तयार केले. पंधरवड्यातून निदान एकदा, असे सहा महिने हे सल्लागार घरी जाऊन रोगाचे स्वरूप समजावीत, रुग्णाच्या चिडचिडीस वा भटकण्यास कसे सांभाळावे ते सांगत, प्रसंगी वैद्याकडे पाठवीत आणि वृद्धांसाठी असलेल्या सरकारी योजनांची माहिती देत. त्यांच्या कामावर मनोविकारतज्ज्ञाची देखरेख असे. एकंदर ८१ कुटुंबांच्या या यादृच्छिक चाचणीत रुग्णाची काळजी वाहणाऱ्या सेवेकऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा मनस्ताप घटला; रुग्णांच्या वर्तनात मात्र संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक फरक पडला नाही. रोग हटत नसताही सेवेकऱ्याचे दुःख हलके करता येते, हे पुराव्यानिशी दाखविणे ही, प्रस्तुत लेखकाच्या मते, औषधशोधाइतकीच थोर कामगिरी होय.

भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशास हा मार्ग विशेष उपयुक्त ठरावा. लाखांदूर वा पवनी तालुक्यातील झाडीबोली बोलणाऱ्या, धानाच्या शेतीत आयुष्य घालविलेल्या आजीची परीक्षा पुण्याकडच्या पुस्तकी मराठीत घेणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय. तिच्या घरी गावातलीच आशा सेविका प्रशिक्षण घेऊन जाऊ शकते, आणि मार्गदर्शनास भंडारा येथील जिल्हा रुग्णालय व नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच.

डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित सल्लागारांकडून मदत देण्याचे हेच तत्त्व डायस यांनी पुढे वृद्धांमधील नैराश्याच्या प्रतिबंधास लावले. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या, साठी ओलांडलेल्या १८१ व्यक्तींवर गोव्यात केलेल्या त्यांच्या अभ्यासात (२०१९) सामान्य समुपदेशकांची मदत लाभलेल्यांपैकी वर्षभरात ४.४० टक्के, तर इतरांपैकी १४.४४ टक्के व्यक्तींना पूर्ण नैराश्याने ग्रासले.