ग्रंथसेवक प्राणी

पुस्तकांच्या दुकानांत व ग्रंथालयांत कायम मुक्कामाला असलेले, किंवा पुस्तके वाचकांपर्यंत नेण्याच्या कामी लागणारे प्राणी. बालपुस्तकांत प्राणी एकत्र येऊन दुकान थाटतात आणि गिऱ्हाइकाला हवे ते पुस्तक काढून देतात. प्रत्यक्षातही त्यांनी पुस्तके राखली, वाहिली आणि गिऱ्हाइके जोडली. लौकिक मांजराला मिळाला असला, तरी कामाचा हिशेब मांडला तर वटवाघूळ आणि गाढव त्याच्या पुढे जातात.

मांजराला पुस्तकांत आणले ते उंदरांनी. चर्मपत्र, खळ आणि कातडी बांधणी उंदीर आवडीने कुरतडतात. राखणदाराचा उपद्रवही सोसावा लागे. नेदरलंड्समधील डेव्हेंटर येथे १४२० च्या सुमारास एका नकलकाराच्या हस्तलिखितावर रात्री मांजराने लघवी केली. नकलकाराने ती जागा कोरी सोडली, शेजारी मांजराचे चित्र काढले आणि लॅटिनमध्ये यथेच्छ शिव्याशाप लिहून ठेवले. दुब्रोव्हनिकच्या दप्तरखान्यातील पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितावर शाईने माखलेल्या पंजांचे ठसे आजही दिसतात.

कसर आणि इतर किडींपुढे मात्र मांजराचे काही चालत नाही. आपल्याकडे त्यासाठी पोथ्या बासनात घट्ट बांधत, कडुनिंबाचा पाला घालत. पोर्तुगालमध्ये हे काम वटवाघळे करतात. कुइंब्रा विद्यापीठाच्या झुआनिना ग्रंथालयात (बांधकाम १७१७–२८) आणि माफ्रा येथील राजवाड्याच्या ग्रंथालयात ती वस्तीला आहेत. अंधार पडला की बाहेर येऊन पुस्तकांवर ताव मारणारे कीटक ती टिपतात. कुइंब्रात कर्मचारी संध्याकाळी जुन्या मेजांवर कातडी आच्छादने घालतात आणि सकाळी विष्ठा झाडून काढतात. औषधफवारणी नाही, वास नाही. इतकी स्वस्त आणि शिस्तीची राखण क्वचितच पाहायला मिळते.

दुकानांतील मांजरांचे काम निराळे. व्हेनिसच्या ‘अक्वा आल्ता’ या दुकानात भरतीचे पाणी शिरते, म्हणून पुस्तके न्हाणीच्या टबांत, होड्यांत आणि एका गोंडोलात रचलेली असतात. त्या ढिगांवर मांजरे खुशाल झोपतात. गिऱ्हाईक त्यांच्यासाठी थांबते आणि थांबले की पुस्तक चाळते. विक्रीची ही जुनीच युक्ती आहे. पॅरिसच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’तही मांजर पाळण्याची परंपरा आहे.

मांजरांत सर्वाधिक कीर्ती मिळाली ती ग्रंथालयातल्या ड्यूईला. १८ जानेवारी १९८८ रोजी कडाक्याच्या थंडीत अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या स्पेन्सर गावी, पुस्तके परत टाकण्याच्या पेटीत एक पिल्लू सापडले. त्याचे पंजे हिमदंशाने सुजले होते. ग्रंथपाल व्हिकी मायरन यांनी त्याला ठेवून घेतले. शेतीवरील संकटामुळे त्या भागात जमिनी जप्त होत होत्या, हाताला काम नव्हते. वाचनालयात येऊन बसणाऱ्यांच्या मांडीवर हे मांजर जाऊन बसे. २००६ मध्ये ते मेले. दोन वर्षांनी मायरन यांनी लिहिलेले त्याचे चरित्र खूप खपले.

पुस्तके वाहून नेणाऱ्यांत कोलंबियातील आल्फा आणि बेतो या गाढवांचा मान पहिला. शिक्षक लुईस सोरियानो यांनी १९९० च्या दशकात ला ग्लोरिया या गावातून त्यांच्या पाठीवर पुस्तके लादून दुर्गम वस्त्यांतील मुलांकडे न्यायला सुरुवात केली. केनियाच्या राष्ट्रीय ग्रंथालय सेवेने १९९६ मध्ये गारिसा भागात उंटांवरून असेच फिरते वाचनालय सुरू केले. तिथल्या वाळूत मोटारीपेक्षा उंट भरवशाचा.

कुत्र्याकडे श्रोत्याचे काम आले. १९९९ पासून सॉल्ट लेक सिटीतील एका उपक्रमात प्रशिक्षित कुत्र्यांना मुले पुस्तक वाचून दाखवतात. अडखळणाऱ्या मुलाची कुत्रा चूक काढत नाही, हेच त्याचे भांडवल.

अशा प्राण्यांवर आक्षेपही घेतले जातात. बहुतेक वेळा कारण ॲलर्जीचे असते आणि ते खोटे म्हणता येत नाही. टेक्सासमधील व्हाइट सेटलमेंट येथे उंदीर आवरण्यासाठी २०१० मध्ये आणलेल्या ब्राउझर या मांजराला ग्रंथालयातून काढण्याचा ठराव जून २०१६ मध्ये नगर परिषदेने केला. त्यावर अनेक ठिकाणांहून निषेध झाला आणि १ जुलै रोजी तो ठराव एकमताने मागे घेण्यात आला.